कांगारू : जीवन आणि सवयी

ऑस्ट्रेलिया खंडाचा सुमारे सत्तर टक्के भाग कोरडा किंवा अर्धकोरडा आहे. तेथे पाऊस कमी पडतो एवढेच नव्हे, तर तो केव्हा पडेल याचाही नेम नसतो. आपल्याकडे पाऊस कमी-अधिक झाला तरी त्याचा ऋतू ठरलेला असतो. मृग नक्षत्र लागले की माणसे आभाळाकडे पाहू लागतात. मध्य ऑस्ट्रेलियात असा भरवशाचा ऋतू नाही. दोन-तीन वर्षे जमीन तापत राहावी, मग काही दिवसांत धो धो पाऊस कोसळून सर्वत्र गवत माजावे, आणि पुन्हा अवर्षणास आरंभ व्हावा, असा तेथील निसर्गाचा क्रम आहे. अशा प्रदेशात गवतावर जगणाऱ्या मोठ्या प्राण्याने निर्वाह कसा करावा, आणि विशेषतः आपली संतती कशी वाढवावी, हा मोठा बिकट प्रश्न होय. कांगारूच्या शरीराची ठेवण, त्याची चाल, त्याचा आहार आणि पिल्ले वाढविण्याची त्याची रीत या सर्वांमध्ये या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. या प्राण्याच्या ज्या गोष्टी प्रथमदर्शनी केवळ चमत्कारिक वाटतात, त्यांच्यामागील संगती या दृष्टीने पाहिल्यास चटकन ध्यानात येते.

नाव आणि पहिली ओळख

कांगारूच्या कुळातील प्राण्याचे एक जुने लेखी वर्णन १६२९ सालचे आहे. त्या वर्षी डच व्यापारी कंपनीचे ‘बटाव्हिया’ नावाचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील हौटमन अब्रोल्हॉस बेटांपाशी फुटले. जहाजावरील मुख्य अधिकारी फ्रान्सिस्को पेल्सर्ट याने त्या बेटांवर पाहिलेल्या, सशाएवढ्या एका प्राण्याची हकीकत लिहून ठेवली. मागचे पाय लांब, पुढचे अगदी आखूड, मादीच्या पोटावर पिशवी, आणि पिशवीत स्तनाग्राला चिकटलेले घेवड्याच्या दाण्याएवढे पिल्लू, असे ते वर्णन आहे. एवढे चिमुकले पिल्लू तेथे आले कोठून, याचा उलगडा पेल्सर्टला झाला नाही. ते स्तनाग्रातूनच उगवत असले पाहिजे, असे अनुमान त्याने काढले. अनुमान चुकीचे होते, पण निरीक्षण बिनचूक होते. तो प्राणी म्हणजे आज ‘तम्मार वॉलबी’ या नावाने ओळखला जाणारा लहान कांगारू होय.

‘कांगारू’ हा शब्द युरोपीय भाषांत आला तो १७७० साली. कॅप्टन जेम्स कुक याचे ‘एंडेव्हर’ जहाज ईशान्य किनाऱ्यावरील प्रवाळाच्या खडकावर आदळले आणि दुरुस्तीसाठी त्याला एका नदीच्या मुखाशी काही आठवडे मुक्काम करावा लागला. त्या मुक्कामात कुक आणि त्याच्याबरोबरचा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी तेथील गुगू यिमिथिर लोकांकडून हे नाव ऐकून टिपून घेतले. पुढे या शब्दाविषयी एक गोष्ट पसरली. पाहुण्यांनी प्राण्याचे नाव विचारले असता एका रहिवाशाने ‘मला समजत नाही’ असे आपल्या भाषेत उत्तर दिले, आणि तेच प्राण्याचे नाव होऊन बसले, अशी ती गोष्ट. ती मनोरंजक असली तरी खरी नाही. १९७० नंतरच्या दशकात जॉन हॅविलँड या भाषाशास्त्रज्ञाने गुगू यिमिथिर भाषेचा अभ्यास केला तेव्हा, ‘गंगुरू’ हा एका विशिष्ट जातीच्या मोठ्या कांगारूला लावला जाणारा शब्द त्या भाषेत खरोखरच आहे, असे दिसून आले. ज्यांच्या अज्ञानाची गोष्ट दोनशे वर्षे सांगितली गेली, त्या लोकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अचूक दिले होते.

कांगारूंचे कुळ

सस्तन प्राण्यांच्या ज्या गटात मादीच्या पोटावर पिल्लू ठेवण्यासाठी पिशवी असते, त्या गटास ‘शिशुधान प्राणी’ म्हणतात. शिशुधान म्हणजे शिशू ठेवण्याची जागा. या गटातील सर्वच माद्यांना पुरी पिशवी असते असे नाही. परंतु अत्यंत अपक्व पिल्लास जन्म देणे व त्याची वाढ मुख्यतः दुधावर करणे हे लक्षण त्या सर्वांमध्ये आढळते. कांगारूंच्या कुळाला शास्त्रीय भाषेत ‘मॅक्रोपोडिडी’ म्हणजे ‘मोठ्या पावलांचे’ असे नाव आहे. या कुळात साठाहून अधिक जाती येतात. त्यांतील मोठ्या चणीच्या जातींना कांगारू आणि लहान चणीच्या जातींना वॉलबी म्हणण्याचा प्रघात आहे. न्यू गिनी बेटावर आणि ईशान्य ऑस्ट्रेलियाच्या अरण्यात तर झाडावर राहणारे कांगारूही आहेत.

सर्वांत मोठा तो तांबडा कांगारू. पूर्ण वाढलेला नर उभा राहिला म्हणजे माणसाएवढा उंच दिसतो आणि त्याचे वजन ८५ ते ९० किलोग्रॅमपर्यंत जाते. मादी त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. तिचा रंग पुष्कळदा निळसर राखी असतो. हा प्राणी खंडाच्या अंतर्भागातील कोरड्या मैदानांचा रहिवासी आहे. अधिक पावसाच्या पूर्व भागात पूर्वी राखी कांगारू आणि दक्षिणेकडे व नैर्ऋत्येस पश्चिमी राखी कांगारू राहतो. खडकाळ टेकड्यांवर वॉलरू नावाची राकट बांध्याची जात आढळते. काही हजार वर्षांपूर्वी नव्हे, तर कित्येक दशसहस्र वर्षांपूर्वी प्रोकॉप्टोडॉन नावाचा याहूनही अवाढव्य प्राणी तेथे वावरत असे. त्याचे वजन दोनशे किलोग्रॅमहून अधिक असावे, आणि त्याच्या हाडांच्या ठेवणीवरून तो उड्या मारण्याऐवजी माणसासारखा एकेक पाऊल टाकीत चालत असावा, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

हे प्राणी मुख्यतः ऑस्ट्रेलियातच का आढळतात, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. दक्षिण गोलार्धातील भूखंडे एके काळी गोंडवन या एकाच महाखंडात जोडलेली होती. शिशुधान प्राण्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून, त्या वेळी बर्फाने न झाकलेल्या अंटार्क्टिकावरून, ऑस्ट्रेलियात पोहोचले. पुढे ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकापासून सुटून उत्तरेकडे सरकू लागले आणि तेथील प्राण्यांना कोट्यवधी वर्षे स्वतंत्रपणे वाढण्यास अवसर मिळाला. आपले भारतखंडही गोंडवनाचाच तुकडा होय. परंतु ते त्याआधीच फार पूर्वी अलग झाले होते. त्यामुळे या प्रवाशांची वाट आपल्याकडे वळली नाही.

उड्यांचे यंत्र

कांगारूला पाहताच त्याचे मागचे पाय नजरेत भरतात. ही पावले लांब व चिंचोळी असून सगळा भार मुख्यतः चौथ्या बोटावर येतो. जमिनीवर वेगाने जाताना तो दोन्ही पाय एकाच वेळी उचलतो. पाण्यात पोहताना मात्र हेच पाय तो आलटून पालटून मारू शकतो. मोठा कांगारू एका उडीत आठ मीटरांपर्यंत अंतर तोडतो, आणि संकटसमयी थोडा वेळ तासाला साठ किलोमीटरांच्या आसपास वेग घेऊ शकतो. एरवी तो ताशी वीस-पंचवीस किलोमीटरांच्या सावकाश गतीनेच जातो.

उड्या मारीत जाणे हे मोठे कष्टाचे काम असले पाहिजे, अशी पूर्वी समजूत होती. १९७३ साली टेरेन्स डॉसन आणि रिचर्ड टेलर या शास्त्रज्ञांनी कांगारूंना फिरत्या पट्ट्यावर पळवून ते किती प्राणवायू वापरतात याचे मोजमाप केले. घोडा, कुत्रा किंवा मनुष्य जसजसा अधिक वेगाने धावेल तसतसा त्यास अधिक प्राणवायू लागतो. कांगारूच्या बाबतीत निराळाच अनुभव आला. एकदा तो उड्या मारू लागला की वेग वाढला तरी प्राणवायूचा खर्च जवळजवळ वाढेना. याचे मर्म त्याच्या टाचेमागील जाड कंडरांमध्ये आहे. पाय जमिनीवर टेकताना या कंडरा ताणल्या जातात आणि धनुष्याच्या दोरीप्रमाणे शक्ती साठवतात; पाय उचलताना तीच शक्ती परत मिळते. वेग वाढविताना कांगारू दर मिनिटाला घ्यावयाच्या उड्यांची संख्या फारशी वाढवीत नाही, तर प्रत्येक उडीची लांबी वाढवतो. शिवाय उडीबरोबर पोटातील अवयव मागेपुढे हलतात आणि त्यांच्या हालचालीने श्वासोच्छ्वासास हातभार लागतो.

सावकाश चरताना मात्र हे यंत्र उपयोगी पडत नाही. त्या वेळी कांगारू पुढचे पाय व शेपूट जमिनीवर टेकतो आणि मागचे पाय एकदम पुढे ओढतो. ही चाल बेंगरूळ दिसते व तिला शक्तीही अधिक लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, या चालीत शरीर पुढे ढकलण्यासाठी एकटे शेपूट जेवढा जोर लावते, तेवढा पुढचे आणि मागचे चारही पाय मिळून लावतात. शेपटास कांगारूचा पाचवा पाय म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

जेथे पाऊस पडला तेथे गवत, आणि जेथे गवत तेथे चारा, अशा विरळ प्रदेशात थोड्या खर्चात लांबचा पल्ला गाठता येणे किती मोलाचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

आहार, पाणी आणि ऊन

कांगारू मुख्यतः गवत खातात. गाय किंवा मेंढी यांच्याप्रमाणेच त्यांच्या जठराचा पुढील भाग मोठा असून तेथे सूक्ष्म जीवाणू गवतातील चिवट तंतू आंबवून पचण्याजोगे करतात. कांगारू खाल्लेले अन्न क्वचित तोंडात परत आणतो, परंतु त्याला रवंथ करणारा प्राणी म्हणता येत नाही. या पचनक्रियेत मिथेन वायू निर्माण होतो. पण त्याचे प्रमाण गुरामेंढ्यांच्या मानाने कमी असते.

कोरड्या गवतातील वाळूचे कण दात झिजवून टाकतात. त्यावरही कांगारूच्या शरीरात एक तोड आहे. त्याच्या दाढा आयुष्यभर एका जागी राहत नाहीत. पुढची दाढ झिजली की ती गळून पडते आणि मागच्या दाढा जबड्यात हळूहळू पुढे सरकतात. दाढा किती पुढे सरकल्या आहेत हे पाहून शास्त्रज्ञ कांगारूच्या वयाचा अंदाज करतात. मात्र हा साठा अखंड नसतो. शेवटच्या दाढाही झिजल्या की म्हाताऱ्या कांगारूला चारा नीट चावता येत नाही.

पाणी वाचविणे ही या प्राण्याची दुसरी मोठी विद्या होय. त्याची मूत्रपिंडे मूत्र पुष्कळ घट्ट करू शकतात, आणि हिरवा चारा मिळत असेल तर तांबडा कांगारू पाण्यावाचून बराच काळ राहू शकतो. पेल्सर्टने पाहिलेली तम्मार वॉलबी तर प्रसंगी समुद्राचे खारे पाणी पिऊनही तग धरते. दिवसाच्या उन्हात कांगारू झाडाच्या सावलीत, जमीन थोडी उकरून पडून राहतात. चरणे मुख्यतः पहाटे, सायंकाळी आणि रात्री चालते. उष्मा फारच वाढला तर ते धापा टाकतात आणि पुढच्या पायांच्या आतील बाजू चाटून लाळेने ओल्या करतात. तेथे कातडीखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. लाळ वाळताना तेथील रक्त थंड होते व त्यामुळे साऱ्या शरीराचा दाह कमी होतो.

पिल्लाचा जन्म

आता आपण या प्राण्याच्या जीवनातील सर्वांत विलक्षण भागाकडे वळू. तांबड्या कांगारूचा गर्भकाळ केवळ ३३ दिवसांचा असतो. गाय सुमारे नऊ महिने गर्भ वाहते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. जन्माच्या वेळी पिल्लाचे वजन एक ग्रॅमही भरत नाही. भुईमुगाचा एखादा टपोरा दाणा एवढेच ते असते. त्याला केस नसतात, डोळे मिटलेले असतात, मागचे पाय म्हणजे केवळ दोन अंकुर असतात. पुढचे पाय मात्र नखांसह तयार झालेले असतात आणि त्यांत चांगली पकड असते.

प्रसूतीचा समय जवळ आला की मादी पिशवीत तोंड घालून ती चाटून स्वच्छ करते. नंतर शेपूट दोन्ही पायांमधून पुढे घेऊन ती पाठ टेकल्यासारखी बसते. बाहेर आलेले पिल्लू आईच्या केसांना धरून, पुढच्या पायांनी एकामागून एक हात टाकीत, पोहल्यासारखे वर चढू लागते. काही मिनिटांतच ते पिशवीत शिरते. आई चाटून त्याच्यासाठी वाट तयार करते, असे पूर्वी मानले जात असे. परंतु बारकाईने निरीक्षण केल्यावर असे दिसून आले की, ती केवळ प्रसूतीच्या वेळचा स्राव पुसून काढते. वर चढण्याच्या कामी ती पिल्लास मुळीच मदत करीत नाही. तो सारा प्रवास, ज्याला अद्याप डोळेही नाहीत अशा जीवाने एकट्याने करावयाचा असतो.

पिशवीत चार स्तनाग्रे असतात. पिल्लू त्यांतील एक तोंडात धरते. ते तोंडात फुगते आणि पिल्लू त्याला घट्ट अडकून राहते. अशा अवस्थेत त्याचे दोन महिन्यांहून अधिक काळ पोषण होते. पुढे ते स्तनाग्र सोडू व पकडू लागते, काही महिन्यांनी पिशवीतून डोके बाहेर काढते, मग थोडा वेळ बाहेर येऊन पुन्हा आत उडी घेते. सुमारे २३५ दिवसांनी आई त्याला पिशवीत पुन्हा येऊ देत नाही. तरीही वर्षाचे होईपर्यंत ते बाहेरून पिशवीत डोके घालून दूध पीत असते.

थांबून राहिलेला गर्भ

पिल्लू पिशवीत गेल्यानंतर एक-दोन दिवसांतच तांबड्या कांगारूची मादी पुन्हा माजावर येते आणि तिला गर्भ राहतो. परंतु हा नवा गर्भ वाढत नाही. शंभराहून कमी पेशींचा, डोळ्यांना जेमतेम दिसेल असा गोळा बनला की तो तसाच थांबतो. पिशवीतील पिल्लू जोपर्यंत जोराने दूध ओढीत आहे, तोपर्यंत त्या ओढण्याच्या प्रेरणेमुळे आईच्या शरीरातील संप्रेरके या गर्भास निद्रिस्त ठेवतात. पिल्लू मोठे होऊन त्याचे पिणे कमी झाले, म्हणजे सुमारे दोनशे दिवसांनंतर, गर्भ जागा होतो. थोरले पिल्लू पिशवी सोडते आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत धाकटे जन्मास येते. काही कारणाने पिशवीतील पिल्लू दगावले, तर गर्भ लगेच वाढू लागतो आणि सुमारे एका महिन्यात त्याची जागा घेतो. त्यासाठी आईला पुन्हा नराची गाठ पडण्याची वाट पाहावी लागत नाही.

या थांबलेल्या गर्भाचा शोध जेफ्री शार्मन या ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात प्रथम क्वोक्का या लहान प्राण्याच्या अभ्यासात लावला. पुढे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तांबड्या कांगारूच्या बाबतीतही तो सिद्ध केला. तम्मार वॉलबीमध्ये याच सोयीचा निराळा उपयोग दिसतो. तिचा गर्भ दिवस लहान होऊ लागण्याची वाट पाहतो. डिसेंबरमध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धातील सर्वांत मोठा दिवस उलटून गेल्यावर, तो वाढू लागतो, आणि बहुतेक पिल्ले जानेवारीच्या अखेरीस जन्मतात.

दोन पिल्ले, दोन प्रकारचे दूध

अशा रीतीने सुकाळात एका मादीची तीन अपत्ये एकाच वेळी निरनिराळ्या अवस्थांत असू शकतात: एक बाहेर बागडणारे, एक पिशवीत स्तनाग्राला लागलेले, आणि एक गर्भाशयात निद्रिस्त. बाहेरचे पिल्लू पिशवीत डोके घालते ते आपल्याच लांबट झालेल्या स्तनाग्राकडे वळते. धाकट्याच्या स्तनाग्रास ते लागत नाही. आणखी आश्चर्याची गोष्ट अशी की, या दोन स्तनांतील दूध एकसारखे नसते. नवजात पिल्लाच्या वाट्यास पातळ व कमी स्निग्धांशाचे दूध येते, तर थोरल्यास दाट, स्निग्ध दूध मिळते. एकाच आईच्या रक्तातून, एकाच वेळी, शेजारी शेजारी असलेल्या दोन ग्रंथी दोन निरनिराळ्या गरजा ओळखून वेगवेगळे अन्न तयार करतात.

हे सर्व सुकाळातील झाले. अवर्षण पडले म्हणजे काय होते? चारा आटला की आईचे दूध कमी होते आणि सर्वांत आधी बाहेरचे पिल्लू दगावण्याचा संभव असतो. दुष्काळ वाढला तर पिशवीतील पिल्लूही दोनेक महिन्यांचे होऊन मरते. मग निद्रिस्त गर्भ वाढतो, जन्मतो, आणि तोही बहुधा त्याच वयात मरतो. असे एकामागून एक होत राहते. दुष्काळ फारच लांबला तर मादी माजावर येण्याचेच थांबते. हा क्रम निर्दय वाटतो. परंतु त्यात आईचे नुकसान किती अल्प होते, हेही पाहिले पाहिजे. दोन महिन्यांच्या पिल्लाचे वजन अगदी थोडे असते. त्याच्यावर खर्च झालेले दूधही थोडेच. आई जिवंत राहते. पाऊस पडला आणि गवत उगवले त्या दिवशी तिच्याजवळ बहुधा एक लहान पिल्लू किंवा वाढण्यास सिद्ध असलेला गर्भ असतो, आणि ते पिल्लू वाढू लागते ते नेमके सुकाळात.

शिशुधान प्राणी अपुऱ्या पिल्लांना जन्म देतात, म्हणून ते खालच्या पायरीचे, असे मत प्राणिशास्त्रात दीर्घकाळ रूढ होते. वार दीर्घकाळ टिकणे आणि पिल्लू गर्भातच पुष्कळ वाढणे हे प्रगतीचे चिन्ह समजले जात असे. आजचे शास्त्र असा क्रम लावीत नाही. ही पद्धत काही अवर्षणाकरिता निर्माण झाली नाही, हेही येथे सांगणे अवश्य आहे. दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी अरण्यांतील शिशुधान प्राण्यांचीही हीच रीत आहे. कांगारूंना ती पूर्वजांकडून वारशाने मिळाली. परंतु ऑस्ट्रेलिया जसजसे कोरडे होत गेले, तसतशी तिची खरी किंमत प्रकट झाली. गर्भात मोठे ओझे वाहणाऱ्या मातेस मध्येच माघार घेणे कठीण जाते. कांगारूच्या मातेस प्रत्येक टप्प्यावर थांबता येते आणि पुन्हा आरंभ करता येतो. ज्या भागात पाऊस बऱ्यापैकी नियमित असतो, तेथील पश्चिमी राखी कांगारूत गर्भ थांबवून ठेवण्याची ही सोय दिसत नाही, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

कळपातील जीवन

कांगारू लहान-मोठ्या कळपांत राहतात, परंतु हे कळप पक्के नसतात. चारा असेल तेथे जमावे व तो संपला की पांगावे, अशी त्यांची रीत आहे. एखाद्यास धोका जाणवला तर तो मागचा पाय जमिनीवर जोराने आपटतो आणि ते ऐकून इतर सावध होतात. माद्यांवरील हक्कासाठी नर एकमेकांशी झुंजतात. समोरासमोर उभे राहून ते पुढच्या पायांनी परस्परांना धरतात व ढकलतात. मग शेपटावर भार देऊन मागच्या दोन्ही पायांनी एकदम लाथ मारतात. नराची वाढ बराच काळ चालू राहते, आणि जो सर्वांत थोर तोच बहुतेक पिल्लांचा पिता ठरतो. पुढच्या पायांनी काही धरताना किंवा तोंड पुसताना कांगारू बहुधा डावा हात वापरतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आढळले. डिंगो नावाचा रानकुत्रा आणि मोठा गरुड हे आज त्यांचे मुख्य नैसर्गिक शत्रू होत. एके काळी टास्मानियातील पट्टेदार शिशुधान लांडगाही त्यांची शिकार करी. त्याचा शेवटचा ज्ञात प्राणी १९३६ साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

मनुष्य आणि कांगारू

ऑस्ट्रेलियाचे आद्य रहिवासी सहस्रावधी वर्षे कांगारूची शिकार करीत आले आहेत. मांस अन्न म्हणून, कातडे पांघरूण म्हणून आणि शेपटातील कंडरा दोरा म्हणून त्यांनी वापरल्या; त्यांच्या कथांत आणि चित्रांतही या प्राण्यास मानाचे स्थान आहे. १७८८ साली ब्रिटिशांची वसाहत सुरू झाली आणि परिस्थिती पालटली. मेंढ्यांसाठी अरण्ये तोडून कुरणे करण्यात आली, कोरड्या भागात खोल विहिरी खणून पाणी उपलब्ध करण्यात आले, मेंढ्यांच्या रक्षणासाठी डिंगो मारले गेले आणि पाच हजार किलोमीटरांहून लांब कुंपण उभारण्यात आले. या गोष्टी मेंढ्यांसाठी झाल्या, पण त्यांचा लाभ मोठ्या कांगारूंनाही मिळाला. कुंपणाच्या आत, जेथे डिंगो नाहीत, तेथे कांगारूंची संख्या बाहेरच्यापेक्षा पुष्कळच अधिक आढळते.

आज मोठ्या कांगारूंची संख्या कोट्यवधी आहे; ती सुकाळात वाढते आणि दुष्काळात झपाट्याने घटते. येथून वादास प्रारंभ होतो. मेंढपाळ म्हणतात की कांगारू कुरण फस्त करतात. शासन ठराविक संख्येपर्यंत शिकारीची परवानगी देते, आणि मांस व कातडे यांचा व्यापार चालतो. प्राण्यांविषयी कळवळा बाळगणारे विचारतात की, मादी मारली गेली तर तिच्या पिशवीतील पिल्लाची काय वाट? तिसरा पक्ष काही निसर्ग-अभ्यासकांचा. शत्रू नाहीसे करून आणि पाणी पुरवून आपणच संख्या वाढविली; आता तिला आवर घातला नाही तर गवत नष्ट होईल आणि पुढच्या अवर्षणात हेच प्राणी उपासमारीने मरतील, असे ते म्हणतात. तिन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही.

या वादाच्या गलबल्यात एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होते. मोठे कांगारू पुष्कळ आहेत म्हणून सारे कुळ सुरक्षित आहे असे नाही. युरोपीयांनी आणलेले कोल्हे व मांजरे यांच्यापुढे लहान जातींचा टिकाव लागला नाही. टूलाची वॉलबी ही देखण्या रूपाची जात शिकारीमुळे व कुरणे नष्ट झाल्यामुळे नामशेष झाली. तिचा शेवटचा ज्ञात प्राणी १९३९ साली बंदिवासात मेला. पूर्वेकडील शशक-वॉलबी त्याआधीच नाहीशी झाली होती. एके काळी मुख्य भूमीवर विपुल असलेल्या काही जाती पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर, जेथे कोल्हा पोहोचला नाही, तेथेच कशाबशा तगून राहिल्या.

भारतात कांगारू नैसर्गिकरीत्या नाहीत. प्राणिसंग्रहालयांतच ते पाहावयास मिळतात. परंतु २०२२ सालच्या एप्रिल महिन्यात पश्चिम बंगालमधील जलपायगुडी भागात रस्त्याच्या कडेस भेदरलेले कांगारू आढळले व वनखात्याने त्यांना ताब्यात घेतले. चोरट्या व्यापारातून हे प्राणी केवळ हौसेखातर कोठवर नेले जातात, याचे ते उदाहरण होय. मोकळ्या मैदानावर दूरदूर जाण्यासाठी घडलेल्या शरीराला पिंजऱ्यात काय वाटत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

समारोप

कांगारूच्या जीवनाचा आढावा घेताना एक सूत्र सर्वत्र दिसते. त्याचे पाय थोड्या शक्तीत लांब जातात; त्याचे शरीर थोड्या पाण्यावर निभावते; आणि त्याची मादी एकाच वेळी फार मोठा खर्च न करता, परिस्थिती पाहून, पावलापावलाने संतती वाढवते. जन्मतःच एक ग्रॅमाहून हलके असणारे पिल्लू हे या प्राण्याच्या उणेपणाचे नव्हे, तर अनिश्चित पावसाच्या प्रदेशात टिकून राहण्याच्या त्याच्या सामर्थ्याचे गमक आहे. पावसाच्या लहरीशी जुळवून घेण्यास या कुळास लक्षावधी वर्षे मिळाली. मनुष्याने केलेले फेरबदल मात्र दोन-अडीचशे वर्षांतील आहेत. त्यांच्याशी जुळवून घेण्यास मोठ्या जातींना जमले, पुष्कळ लहान जातींना जमले नाही. उरलेल्यांना ती सवड मिळावयाची की नाही, हे आता पावसावर नव्हे, तर मनुष्यावर अवलंबून आहे.